फोर्टातल्या फ्रीमेसन्स हॉलचं महत्त्व-टिपण तयार करताना

मुंबईत डी. सुखाडवाला मार्गावर, म्हणजे जुन्या रॅव्हेलिन स्ट्रीटवर, सीएसएमटीहून चालत जाण्याच्या अंतरावर फ्रीमेसन्स हॉल आहे. फ्रीमेसनरी, किंवा नुसतं मेसनरी, म्हणतात त्या बंधुसंघटनेच्या सभांची ही इमारत. या वास्तूचं ‘स्टेटमेंट ऑफ सिग्निफिकन्स’, मराठीत महत्त्व-टिपण, म्हणजे वास्तू का महत्त्वाची ते पुराव्यासह सांगणारा कागद, आम्ही काही जणांनी 2023च्या जूनमध्ये हाती घेतलं आणि पुढच्या फेब्रुवारीत संपवलं. गटात संवर्धनाचं काम करणारे वास्तुविशारद होते, शहराचा इतिहास वाचणारे होते आणि जुनी पारशी गुजराती सहज वाचणारं एक माणूस होतं. काम स्वतंत्र अभ्यासाचं होतं, कुठल्या मंजुरीसाठी नव्हतं. पण पद्धत तीच ठेवली, जी दुरुस्तीच्या किंवा वारसा यादीत नोंदीच्या प्रस्तावासोबत लागते. छावण्यांच्या गावांत आणि जुन्या बंदरांत असे हॉल आजही उभे आहेत, आणि त्यांच्याबद्दल लोकांना ठाऊक असतं ते एवढंच, की तो ‘भूत बंगला’ आहे. कुणी अशा वास्तूचं टिपण करायला घेतलं, तर कुठे काय मिळतं आणि कुठे गाडी अडते हे आधी कळावं, म्हणून हे सगळं क्रमाने लिहितो आहोत.

पहिला आठवडा व्याख्येवर गेला, आणि तो कारणी लागला. लॉज म्हणजे सभासदांची संस्था. तिला सनद असते, क्रमांक असतो. हॉल म्हणजे इमारत. एका हॉलमध्ये अनेक लॉज आपापल्या ठरलेल्या दिवशी भरतात आणि एकच लॉज शंभर वर्षांत अनेक इमारती बदलतं. लोकांनी लिहिलेल्या बहुतेक टिपणांत ही गल्लत होते आणि लॉजचा सगळा इतिहास इमारतीच्या नावावर चढतो.

मुंबईचंच पाहा. ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे स्कॉटिश सनदेखालचं 342 क्रमांकाचं लॉज डिसेंबर 1843मध्ये डॉ. जेम्स बर्न्स यांनी खास भारतीयांसाठी सुरू केलं. त्याआधी पारशी समाजसुधारक माणकजी खरशेदजी यांना मुंबईतल्या लॉजमध्ये प्रवेश मिळाला नव्हता. अखेर पॅरिसमध्ये त्यांना दीक्षा मिळाली. मुंबईच्या सामाजिक इतिहासातलं हे मोठं प्रकरण आहे. पण फोर्टातला हॉल 1890च्या दशकातला, आणि माणकजी 1887मध्ये वारले. ‘या वास्तूत पहिल्या भारतीय मेसनने पाऊल ठेवलं’ असं वाक्य टिपणात आलं, की परीक्षकाचा उरलेल्या पानांवरचाही विश्वास जातो. म्हणून सुरुवातीलाच दोन स्वतंत्र कालरेषा आखल्या, एक मुंबईतल्या मेसनरीची आणि दुसरी या इमारतीची. दोन्ही रेषा कागदाच्या पुराव्याने जिथे जुळतात, तेवढंच इमारतीच्या महत्त्वात धरायचं हा नियम शेवटपर्यंत पाळला.

जूनच्या उत्तरार्धात नियमांचं वाचन झालं. बृहन्मुंबईचे वारसा नियम 21 एप्रिल 1995ला अधिसूचित झाले, तेव्हाच्या विकास नियंत्रण नियमावलीतला नियम 67. आता 2034पर्यंतच्या विकास आराखड्याच्या नियमावलीत ती तरतूद विनियम 52मध्ये आहे. ग्रेड वन, टू-ए, टू-बी आणि थ्री ही वर्गवारी सगळ्यांना माहीत असते. पण वारसा यादीतला खरा उपयोगी रकाना मूल्यांचा. वास्तू कशासाठी महत्त्वाची, ते तिथे संक्षेपात लिहिलेलं असतं. ए-आर्क म्हणजे वास्तुकला, ए-हिस म्हणजे इतिहास, ए-कल म्हणजे संस्कृती. बी गटात काळ, रचना आणि वेगळा वापर (बी-यूयू). सी-एसईएच म्हणजे सामाजिक आणि आर्थिक इतिहासाशी नातं. डी-बायो म्हणजे नामवंत व्यक्ती किंवा घटनेशी संबंध. ई म्हणजे एखाद्या जीवनपद्धतीचं किंवा समाजासाठी मोल असलेलं उदाहरण. पुढे समूहमूल्य, तंत्रज्ञान वगैरे. टिपणाची प्रकरणं याच अक्षरांच्या क्रमाने बांधावीत. वारसा समितीपुढे जाणारा कागद समितीच्या भाषेत असला की वाचणाऱ्याला शोधाशोध करावी लागत नाही. शिवाय आपला कुठला दावा पुराव्याविना लोंबकळतो आहे, तेही लगेच दिसतं.

आपली वास्तू यादीत आहे का, कोणत्या अनुक्रमांकावर आणि कोणत्या ग्रेडने, हे महापालिकेच्या प्रसिद्ध यादीतून आणि विकास आराखड्याच्या रिमार्क्समधून, म्हणजे भूखंडाबद्दल महापालिका देते त्या लेखी शेऱ्यांमधून, पाहायचं. यादीत बदल करायचा अधिकार राज्य शासनाच्या नगरविकास विभागाला आहे, आणि त्याआधी लोकांच्या हरकती-सूचना मागवाव्या लागतात. नवी नोंद किंवा ग्रेडबदल सुचवणार असाल, तर हा काळ महिन्यांत नाही, वर्षांत मोजायची तयारी ठेवा.

जुलैमध्ये जमिनीचे कागद. मुंबई शहरात सातबारा नसतो, मिळकत पत्रिका असते. ती फोर्टातल्या जुन्या कस्टम हाउसमधल्या भूमापन कार्यालयातून मिळते. अर्जात विभाग आणि सी. एस. नंबर, म्हणजे भूमापन क्रमांक, अचूक हवा. नुसत्या पत्त्यावर शोध लागत नाही. पत्रिका हातात आली की घाईने मालकाच्या नावाकडे जाऊ नका. डावीकडून वाचत या. आधी रस्त्याचा क्रमांक, मग कलेक्टरचा जुना आणि नवा क्रमांक, मग लॉटन सर्वे नंबर, क्षेत्रफळ चौरस यार्डात, धारणाप्रकार आणि त्यानंतर हक्कदारांची साखळी. यातला लॉटन नंबर सोन्यासारखा. कर्नल लॉटन यांनी 1865 ते 1872 या काळात केलेल्या मोजणीचे नकाशे एका इंचाला चाळीस फूट इतक्या मोठ्या प्रमाणातले आहेत. तो नंबर धरून नकाशाचा तुकडा काढला, की इमारतीच्या आधी त्या जागेवर काय होतं ते समजतं. फोर्टाच्या या पट्ट्यात उत्तर साधारण ठरलेलं असतं. तटबंदी 1862नंतर पाडली गेली आणि मोकळी झालेली जमीन सरकारने प्लॉट पाडून दिली. त्यामुळे इथल्या बहुतेक भूखंडांना इमारतीचा पूर्वेतिहास नाही. तो शोधण्यात वेळ घालवू नये.

छावणीतल्या हॉलचं प्रकरण निराळं. तिथे जनरल लँड रजिस्टरचा उतारा लागतो आणि तो डिफेन्स इस्टेट्स ऑफिसकडे असतो. जमीन ‘ओल्ड ग्रँट’ असेल, तर जमीन सरकारची आणि वरचं बांधकाम लॉजचं किंवा त्याच्या ट्रस्टचं, अशी विभागणी निघते. पुण्यात ‘ओरायन इन द वेस्ट’ हे लॉज 1833पासूनचं. अशा लॉजचा माग काढायचा असेल, तर पहिली खेप छावणीच्या दप्तरालाच.

जे कागद सरळ मिळाले नाहीत, त्यांच्यासाठी माहिती अधिकार. नमुना अ, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, पोचपावती. प्रतींना पानाला दोन रुपये. महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत असावा लागतो. इथेच बहुतेकांचे अर्ज परत येतात. ‘सदर वास्तूबाबतची सर्व कागदपत्रे’ असं लिहिलं, की ‘माहिती विस्तृत स्वरूपाची आहे’ हे उत्तर ठरलेलं. त्याऐवजी ‘वारसा यादीच्या अमुक अनुक्रमांकाच्या नोंदपत्रकाची साक्षांकित प्रत’ एवढंच मागावं, आणि दुसऱ्या कागदासाठी दुसरा अर्ज करावा. मुदत तीस दिवसांची. एका कार्यालयाकडून मुदतीत काहीच आलं नाही. प्रथम अपील केलं आणि सुनावणीच्या आधीच प्रती टपालाने आल्या. अपिलाचा मसुदा अर्जाच्या दिवशीच तयार ठेवावा. तिसावा दिवस उलटल्यावर नव्याने लिहायला बसलं, की उत्साह मावळलेला असतो.

ऑगस्ट आणि सप्टेंबर पुराभिलेखागारात गेले. एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं राज्य पुराभिलेखागार, शिफारसपत्र, ओळखपत्र, मागणीची चिठ्ठी, आणि मग बस्ता येण्याची वाट. हॉलसारख्या खाजगी इमारतीचा स्वतंत्र बस्ता मिळेल ही अपेक्षा चुकीची. जमीन सरकारकडून आलेली असल्यामुळे भूखंडवाटप, भाडेपट्टा आणि रस्तारेषा यांच्या पत्रव्यवहारात ती सापडते. सार्वजनिक बांधकाम आणि महसूल या खात्यांच्या सूची आधी घ्याव्यात. ‘फ्रीमेसन’ या शब्दाखाली काही मिळालं नाही, तर ‘मेसॉनिक’, ‘लॉज’, ‘एस्प्लनेड’, ‘रॅव्हेलिन’ असे शब्द लावून पाहावेत. कागद ठिसूळ असतात. फोटोची परवानगी नसेल तर पेन्सिलीने उतरवून घ्यावं आणि खात्याचं नाव, वर्ष, खंड, पान त्याच ओळीत लिहावं. पान क्रमांक नसलेली नोंद टिपणात वापरता येत नाही आणि त्यासाठी परत जाणं जिवावर येतं.

समाजासाठी या वास्तूचं मोल काय, याचा पुरावा मात्र सरकारी दप्तरात नाही. तो आहे वर्तमानपत्रांत आणि पारशी समाजाच्या स्वतःच्या लिखाणात. मुंबई समाचार 1822पासूनचा आहे. मेजवान्या, देणग्या, मानपत्रं, शोकसभा, कोणाच्या निधनानंतर कोणी काय केलं, हे सगळं त्या पानांत शोधायचं. खरशेदजी रुस्तमजी कामा हे या वर्तुळातलं मोठं नाव. विद्वान, समाजसुधारक आणि निष्ठावान मेसन. त्यांच्या नावाची ओरिएंटल इन्स्टिट्यूट फोर्टातच आहे, आणि त्यांच्या मेसनरीतल्या पन्नास वर्षांनिमित्त 1907मध्ये निघालेला ग्रंथ हा या विषयाचा पहिल्या दर्जाचा साधनग्रंथ आहे. कामा 1909मध्ये वारले. म्हणजे डी-बायोचा दावा त्यांच्या बाबतीत तपासण्याजोगा आहे, माणकजींच्या बाबतीत नाही. एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात इंग्रजी बाजू भरून निघते. गुजराती वाचणारं माणूस मिळत नसेल, तर ते मिळेपर्यंत थांबावं. फक्त इंग्रजी पेपरांवर लिहिलेलं टिपण म्हणजे या हॉलची गव्हर्नर आणि फौजी अधिकाऱ्यांच्या बाजूने सांगितलेली गोष्ट होते.

त्याच काळात परदेशी पत्रं गेली. 1961पर्यंत भारतातली लॉज इंग्लंड, स्कॉटलंड आणि आयर्लंड अशा तीन ग्रँड लॉजच्या, म्हणजे लॉजना सनद देणाऱ्या मध्यवर्ती संस्थांच्या, सनदांखाली चालत. 24 नोव्हेंबर 1961ला ग्रँड लॉज ऑफ इंडिया स्थापन झालं. काही लॉज तिकडे गेली, काही मूळ सनदेखालीच राहिली. म्हणून एकाच हॉलमध्ये भरणाऱ्या लॉजची दप्तरं लंडन, एडिंबरा, डब्लिन आणि दिल्ली अशी विखुरलेली असतात. आधी प्रत्येक लॉजची सनद कोणाची ते ठरवायचं, मगच पत्र लिहायचं. इंग्लिश लॉजसाठी ‘लेन्स मेसॉनिक रेकॉर्ड्स’ ही सूची इंटरनेटवर फुकट आहे. तिच्यात लॉज कोणत्या वर्षी कोणत्या जागी भरत होतं, हेही असतं, आणि आपल्याला नेमकं तेच हवं असतं. रायझिंग स्टार तिथे शोधू नका. ते स्कॉटिश, त्यामुळे एडिंबरा. इंग्लिश लॉजच्या सभासदांची 1921पर्यंतची रजिस्टरं वंशावळीच्या सशुल्क संकेतस्थळावर आहेत. एका महिन्याची वर्गणी घेऊन सगळी नावं एकदम तपासून घ्यावीत. स्कॅनचे पैसे पौंडात द्यावे लागतात आणि आमच्या खर्चातला सर्वांत मोठा आकडा तोच होता. पत्रात नेमकं वर्ष आणि लॉजचा क्रमांक असला तर उत्तर काही आठवड्यांत येतं. मोघम विचारलं तर मोघम उत्तर येतं.

हॉल पाहण्यासाठी रीतसर पत्र द्यावं. त्यात तीन गोष्टी स्पष्ट लिहाव्यात. विधींबद्दल काही विचारणार नाही, हयात सभासदांची नावं छापणार नाही, आणि काढलेले फोटो छापण्याआधी दाखवू. याने संशय जातो. विधी कळल्याशिवाय टिपण लिहिता येत नाही हा समज खोटा आहे. लॉजच्या खोलीची मांडणी जगभर जवळपास सारखी. पूर्वेला प्रमुखाचं आसन, पश्चिमेला आणि दक्षिणेला दोन वॉर्डनांची, दोन खांब, मध्ये काळ्यापांढऱ्या चौकटींची जमीन, दाराबाहेर पहाऱ्यावर टायलर. भारतात शपथेसाठी एकाहून अधिक धर्मांचे ग्रंथ ठेवले जातात, आणि समाजाच्या दृष्टीने ही बाब नोंदवायलाच हवी.

एक फेरी भर पावसाळ्यात करावी, दुसरी डिसेंबरात. पावसात गळती आणि ओल कुठून येते ते दिसतं, कोरड्या दिवसांत मोजमाप नीट होतं. लेझर मीटर, टेप, ओळंबा आणि वॉटर लेव्हल एवढ्यावर काम भागतं. तळमजल्याचा आराखडा एकास शंभर, लॉजच्या खोलीचा एकास पन्नास. खोलीच्या भिंती खऱ्या पूर्व-पश्चिम आहेत की ‘पूर्व’ ही केवळ मानलेली आहे, ते होकायंत्राने पाहून आराखड्यावर दोन्ही दिशा दाखवाव्यात. भूखंड रस्त्याला तिरका असला की बहुतेक वेळा मानलेलीच असते.

चौकटींच्या जमिनीवर अर्धा दिवस द्या. आधी वस्तू कोणती ते ठरवा. संगमरवर आणि काळा दगड, भाजलेली इंग्लिश फरशी, सिमेंटची टाइल की नुसता गालिचा. कडेला एखादी सैल फरशी असेल तर तिची जाडी मोजा, पण फरशी उचकटू नका. सांधे रुंद आणि करडे दिसले तर नंतरचं सिमेंट भरलेलं आहे. मग तिरप्या उजेडात टॉर्च जमिनीलगत धरून झीज पाहा आणि आराखड्यावर पेन्सिलीने छायांकित करा. दारापासून आसनांपर्यंतच्या फेऱ्या, खुर्च्यांच्या पायांच्या खुणा, मधला कमी वापराचा भाग. वर्षानुवर्षं माणसं कशी वावरली, याचा हा भौतिक पुरावा असतो, आणि बी-यूयूच्या दाव्याला तो कुठल्याही वर्णनापेक्षा जास्त बळ देतो. चौकटींची संख्याही लिहून ठेवा. पुढे दुरुस्तीत फरशी बदलली गेली तर ती उपयोगी पडेल.

हलवता येणाऱ्या वस्तू आणि वास्तूचे भाग वेगळे नोंदवावेत. आसनं, तैलचित्रं, निशाणं, सनदा या जंगम वस्तू वारसा नियमांत आपोआप येत नाहीत. लॉज दुसरीकडे गेलं की त्या जातात. त्यांची स्वतंत्र सूची करून फोटोला मोजपट्टी लावावी. महत्त्वाचा मोठा भाग याच वस्तूंत असेल, तर टिपणात तसं सरळ लिहावं.

बाहेरच्या भिंतींबाबत फोर्टात एकच आजार पुन्हा पुन्हा दिसतो. त्या काळच्या इमारतींत कुर्ल्याचा निळा दगड, मालाडचा पिवळसर आणि कोरीव कामाला पोरबंदरचा चुनखडी दगड वापरलेला असतो. नंतर कोणीतरी सांधे सिमेंटने भरतं किंवा वर ऑइलपेंट फासतं. भिंतीत शिरलेलं पाणी मग सांध्यातून बाहेर पडू शकत नाही, ते दगडातून पडतं, क्षार पृष्ठाशी जमतात आणि पोरबंदरचा दगड पापुद्र्यांनी सुटतो. लोखंडी गर्डर आणि जॅक आर्चच्या (गर्डरांमधल्या विटांच्या बुटक्या कमानींच्या) स्लॅबमध्ये गंज फुगून वरचा गिलावा फुटतो. पिंपळाचं रोप गटाराच्या पाइपाजवळ पाहावं. महत्त्व-टिपणात स्थितीचं एक पान पुरे, पण ते हवंच. महत्त्वाचं काय ते सांगितलं आणि ते कशाने नष्ट होतं आहे ते सांगितलं नाही, तर दुरुस्ती करणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

जानेवारीत लिहायला बसलो. सगळ्यात कठीण परिच्छेद सी-एसईएचचा. भायखळा क्लब 1833चा, आणि त्याने भारतीयांना सभासद करून घेतलं नाही. भारतीयांनाही प्रवेश देणारा विलिंग्डन क्लब निघाला 1910च्या दशकाच्या अखेरीस. या मधल्या काळात भारतीय आणि युरोपीय माणसं एका छपराखाली, निदान नियमाप्रमाणे बरोबरीने, बसत अशी जागा म्हणजे लॉज. पण तिथेही भारतीयांसाठी आधी वेगळं लॉज काढावं लागलं. दोन्ही गोष्टी एकाच परिच्छेदात आल्या पाहिजेत. पहिली एकटी लिहिली तर स्तुती होते, दुसरी एकटी लिहिली तर आरोप होतो. आणि लॉजमधली बरोबरी शहरातल्या सगळ्यांपर्यंत पोचत नव्हती. तिथे पोचायला पैसा, इंग्रजी आणि शिफारस लागे, स्त्रियांना प्रवेश नव्हता. हेही टिपणात आहे.

मेसनरीचा शहरात दिसणारा चेहरा म्हणजे पायाभरणी. जे. जे. रुग्णालयाचा पाया जानेवारी 1843मध्ये डॉ. बर्न्स यांच्या हस्ते मेसॉनिक विधीने घातला गेला. अशा समारंभात दगडावर धान्य, द्राक्षाची मदिरा आणि तेल ओतत. रुग्णालयाची घटना हॉलच्या महत्त्वात धरली नाही, पार्श्वभूमीत ठेवली.

तुलनेसाठी चार-पाच वास्तू पुरतात. लाहोरचा हॉल 1972मध्ये सरकारने ताब्यात घेतला आणि तिथे कचेरी आली. कराचीचं होप लॉज वन्यजीव खात्याकडे गेलं. हैदराबादला सतराव्या शतकातली गोशामहल बारादरीच लॉजला मिळाली. चेन्नईत एग्मोरचा हॉल 1925चा. ही तुलना केल्यावर लाहोर, कराची आणि हैदराबादच्या मानाने मुंबईच्या हॉलचं वेगळेपण उघड झालं. तो या कामासाठीच बांधलेला आहे आणि अजून त्याच कामासाठी वापरात आहे. वापराचं हे सातत्य आमच्या टिपणातलं पहिलं वाक्य झालं, दर्शनी भाग तिसऱ्या परिच्छेदात गेला.

मुलाखतींसाठी संमतीपत्र आधी सही करून घ्यावं. सभासदांइतकंच हॉलमध्ये काम केलेल्यांना विचारावं. शिपाई, आचारी, सफाई करणारे. समाज म्हटल्यावर तेही त्यात आले, आणि फोर्टात या कामांवर मराठी माणसं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. मुलाखत मराठीतच उतरवावी, टिपणात मूळ वाक्य आणि खाली इंग्रजी द्यावं.

मसुदा फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात एका अपरिचित संवर्धनतज्ज्ञाला वाचायला दिला. प्रत्येक दाव्यासमोर पुराव्याचा क्रमांक असावा ही त्यांची सूचना होती. ज्या चार वाक्यांसमोर क्रमांक लावता आला नाही ती काढली. अंतिम प्रत आराखड्यांसह साठ पानांच्या आत बसली. दोन प्रती छापून बांधल्या, एक हॉलला आणि एक ग्रंथालयाला, आणि पीडीएफमध्ये अक्षरशोध चालेल अशी काळजी घेतली. एडिंबराहून एका लॉजच्या भेटीच्या पत्त्यांची यादी अजून यायची आहे. त्या पानावर तारीख घालून जागा मोकळी ठेवली आहे.